सम्राटांचा खुर्दा

इ.स. ३०१ चा हिवाळा. आशिया मायनरमधल्या अफ्रोडिसियास शहरात तुम्ही एका भिंतीसमोर उभे आहात. संगमरवरावर छिन्नी चालते आहे आणि पांढरी भुकटी तुमच्या ओठांवर बसते आहे. सम्राट डायोक्लेशियनचं दरपत्रक कोरलं जातंय. हजाराहून जास्त वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर, आणि जो कोणी त्याहून जास्त घेईल त्याला देहदंड. शेतमजुराला जेवण घालून दिवसाला २५ दिनार. हजामाला माणशी २ दिनार. गर्दीतला एक म्हातारा शेजारच्या पोराला विचारतो, गव्हाचं काय लिहिलंय? सैन्याच्या मापाने एका मापाला १०० दिनार, पोरगा वाचून सांगतो. म्हातारा हसत नाही, रागावत नाही. नुसती कमरेची पिशवी चाचपतो.

तशीच पिशवी तुमच्याही कमरेला आहे. त्यातलं एक नाणं काढून तळहातावर घ्या. दहा ग्रॅमचं, पावणेतीन सेंटीमीटर रुंद, हाताला भरीव लागणारं. पुढच्या बाजूला जाड मानेचा, आखूड दाढीचा सम्राट. मागे रोमन जनतेचा रक्षकदेव, एका हातात नैवेद्याची थाळी, दुसऱ्यात फळांनी ओसंडणारं शिंग. नाणं चांदीसारखं चमकतंय, पण चांदी नावापुरती आहे. आत सगळं कांस्य, वर चांदीचा पातळ मुलामा. जुन्या पितळी पातेल्यावरची कल्हई उडाली की खालचा पिवळा धातू डोकावतो, तसा इथे सम्राटाच्या नाकावर आणि देवाच्या गुडघ्यावर आधी तांबूस रंग दिसू लागतो. बाजारातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक आहे. म्हणून तर भिंतीवर देहदंड कोरावा लागतोय.

हे नाणं २९४ च्या सुमारास, डायोक्लेशियनच्या चलनसुधारणेत जन्माला आलं. सम्राट त्यावरून प्रजेशी बोलतो. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाहीत, अशा लाखो लोकांपर्यंत त्याचा चेहरा आणि दोन-तीन शब्दांचा निरोप या खुर्द्यातून पोचतो. पण प्रजाही उत्तर देते. घासून, खरवडून, वितळवून, पुरून, नक्कल करून, हसून. सोन्याच्या नाण्यांवर तुम्हाला फक्त सम्राट ऐकू येतो, कारण ती जपून ठेवली गेली. उत्तरं ऐकायची असतील तर कांस्याचीच नाणी हातात घ्यावी लागतात, आणि माझ्या मते त्यातलीही झिजलेली.

आता चालायला लागा. बाजार तोच, वर्षं पुढे सरकतायत, आणि प्रत्येक टप्प्यावर हातातलं नाणं बदलून घ्या. ३०७ मध्ये ते साडेसहा-सात ग्रॅमचं आहे. ३१० च्या आसपास साडेचार. ३१३ पर्यंत साडेतीनच्याही खाली. ३३० मध्ये अडीच, आणि ३३६ मध्ये पावणेदोनच्या आत. एका माणसाच्या चाळीस वर्षांच्या उमेदीत त्याच्या हातातल्या नाण्याचा पाचवा-सहावा हिस्साच उरला. त्याला कोणी ही आकडेवारी दाखवलेली नाही. त्याची बोटं ती जाणतात.

३३० ला थोडं थांबू. त्या वर्षी ११ मे रोजी सम्राट कॉन्स्टंटाइनने बोस्पोरसच्या काठी आपली नवी राजधानी उद्घाटित केली. तेव्हाच्या दोन नाण्यांवर सम्राटाचा चेहराही नाही, नावही नाही. एकावर शिरस्त्राण घातलेली नवी नगरी, मागे नौकेच्या नाळेवर पाय ठेवलेली विजयदेवता. दुसऱ्यावर जुनी रोम नगरी, मागे रोम्युलस-रीमस या जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी आणि वर दोन तारे. नवी राजधानी आणि जुनी राजधानी एकाच पिशवीत, एकाच वजनाची. रोमच्या माणसांनी नाराज होऊ नये म्हणून केलेली ही काळजी, आणि ती केली सर्वांत हलक्या नाण्यावर, कारण तेच सगळ्यांच्या हातात जाणार होतं.

नाणं उलटून खालच्या आडव्या रेघेखाली पाहा. तिथे तीन-चार बारीक अक्षरं आहेत. संग्राहकाचा जीव या अक्षरांत असतो. टी आणि आर म्हणजे जर्मनीतलं आजचं ट्रिअर. एस-आय-एस म्हणजे सिसिया, आजच्या क्रोएशियातलं सिसाक. ए-एन-टी म्हणजे अँटिऑक. एस-एम-के म्हणजे मार्मारा समुद्राकाठचं सिझिकस, आणि त्यातलं एस-एम म्हणजे पवित्र टांकसाळ. त्यापुढे बऱ्याचदा आणखी एक ग्रीक अक्षर असतं, ते टांकसाळीतल्या कारखान्याचं. आल्फा पहिला, बीटा दुसरा, गॅमा तिसरा. नाणं कमी वजनाचं निघालं तर कोणाच्या मानगुटीवर बसायचं ते त्या एका अक्षरावरून कळावं, यासाठी ही व्यवस्था.

तर चला सिझिकसला. साल ३४९.

दारातून आत शिरलात की आधी धूर, मग आवाज. एका बाजूला मुशीत तांबं, कथील आणि भरपूर शिसं वितळतंय. शिसं स्वस्त आहे आणि रस पातळ करतं, म्हणून दर पिढीला त्याचं प्रमाण वाढत चाललंय. तयार चकत्या पुन्हा तापवल्या जातायत. ऐरणीत खालचा ठसा पक्का बसवलेला आहे, त्यावर सम्राटाचा चेहरा. एक जण सांडशीने तापलेली चकती त्यावर ठेवतो, दुसरा वरचा ठसा धरतो, तिसरा घण घालतो. एक घाव, नाणं बाजूला. पुन्हा चकती. घाव थोडा तिरका बसला तर सम्राटाचं अर्धं नाव चकतीबाहेर जातं, पण त्यासाठी कोणी थांबत नाही. ठसा झिजला की अक्षरं फुगतात, तडा गेला की प्रत्येक नाण्यावर तीच बारीक उभारलेली रेघ उमटते. सोळाशे वर्षांनी कोणीतरी दोन नाणी भिंगाखाली शेजारी ठेवून ती रेघ जुळवेल, आणि म्हणेल, ही एकाच ठशाची भावंडं.

घण घालणाऱ्याकडे नीट पाहा. हे काम त्याने निवडलेलं नाही. टांकसाळीच्या कामगारांनी कायम याच स्थितीत राहावं, असा ३१७ चा कायदा आहे. सिझिकसमध्ये असे कामगार मोठ्या संख्येने होते, लोकर विणणाऱ्यांच्या बरोबरीने. दरवर्षी सैन्याला अंगरखे आणि सरकारला नवी नाणी द्यायची, ही त्यांच्यावरची बांधिलकी. सोझोमेन हा पाचव्या शतकातला इतिहासकार त्यांचा उल्लेख करतो. नावं मात्र कुठेच नाहीत.

त्याच्या घणाखालून निघालेलं नाणं उचला, गरम आहे. मागच्या बाजूला एक रोमन सैनिक पडत्या घोडेस्वाराला भाल्याने भोसकतोय. स्वार दाढीवाला आहे, टोकदार टोपी घातलेला. अनेक अभ्यासक त्यात इराणी शत्रू पाहतात. भोवती शब्द आहेत, फेल टेंप रेपारातिओ. सुखाचे दिवस परत आले. सम्राट कॉन्स्टँशियस दुसरा हे सांगतोय, आणि त्याच वर्षांत राजा शापूरचं इराणी सैन्य सीमेवरच्या निसिबिस शहराच्या तटाखाली पुन्हा पुन्हा येतंय, ३३८ ला, ३४६ ला, पुढच्या वर्षी ३५० ला तिसऱ्यांदा. शहर पडत नाही, पण सुखाचे दिवसही येत नाहीत.

३४८ मधल्या सुधारणेने नाण्यात पुन्हा थोडी चांदी घातली होती, आणि लोकांचं उत्तर लगेच आलं. भट्टीवाले ती नाणी वितळवून चांदी वेगळी काढू लागले. ३४९ च्या कायद्यात त्यांनाही देहदंड सांगितला आहे. पन्नास वर्षांत त्याच खुर्द्यासाठी दुसऱ्यांदा मृत्यूची धमकी. धमक्या इतक्या द्याव्या लागतात यावरून तुम्ही समजा, लोक ऐकत नव्हते.

पश्चिमेला, ब्रिटनच्या डेव्हन भागात, साधारण याच काळात एक जण शेतात खड्डा खणतोय. तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे राहा, पण मदत करू नका. त्याच्याजवळ बावीस हजारांहून जास्त नाणी आहेत, बहुधा कापडाच्या किंवा मऊ कातड्याच्या पिशवीत. त्यातली बरीच त्या लांडगीची, त्या विजयदेवतेची, झेंड्याशेजारी उभ्या दोन सैनिकांची. हे धन एकाचं की गावाचं, सैन्याच्या पगाराचं की व्यापाऱ्याचं, त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. परत येणार असल्यासारखा तो आजूबाजूच्या खुणा पाहून ठेवतो. तो येत नाही.

येतो तो २०१३ मध्ये एक माणूस, हातात धातुशोधक यंत्र घेऊन. पहिली नाणी लागल्यावर त्याने खड्डा उपसला नाही. पुरातत्त्वज्ञांना कळवलं, आणि ते येईपर्यंत राखण म्हणून तीन रात्री तिथेच गाडीत झोपला. म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की सीटन डाउनच्या त्या खड्ड्यात २२,८८८ नाणी होती, पिशवी कशी असावी, आणि जवळच्या रोमन वस्तीशी तिचं अंतर किती. ती नाणी आता एक्झेटरच्या संग्रहालयात आहेत. त्या तीन रात्रींबद्दल मला त्या अनोळखी माणसाविषयी फार आदर वाटतो.

कारण उलट गोष्टी फार घडतात. बाल्कन प्रदेशातल्या शेतांतून रात्री उकरलेली कांस्यनाणी किलोच्या हिशेबाने विकली जातात, माती न झाडता. घेणारा घरी बसून ती महिनोन् महिने शुद्ध पाण्यात भिजवतो, लाकडी काडीने चेहरा मोकळा करतो, आणि त्यात खरा आनंदही असतो, हे मी नाकारत नाही. एखाद्या डागावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर त्याच्या छातीत धस्स होतं. क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातोय, नाणं वेगळं काढून कोरडं ठेवायला हवं, हेही तो शिकतो. पण हे नाणं कोणत्या शेतात, कशाशेजारी, किती खोल होतं, हे त्याला कधीच कळणार नाही. सम्राटाचा निरोप त्याला मिळाला, लोकांचं उत्तर खड्ड्यातच राहिलं. नाणं घ्यायचं तर ते कुठून आलं याचा कागद असलेलंच घ्यावं, मग दोन कमी मिळाली तरी चालतील.

आता अँटिऑक. ३६२ चा उन्हाळा संपत आलाय आणि शहराच्या बाजारात गहू नाही. पाऊस कमी झाला, त्यात इराणवरच्या स्वारीसाठी जमणारं सैन्य शहराच्या गळ्यात आहे. खांबांच्या लांबच लांब रस्त्यावरून चालताना तुम्हाला कुठल्याशा देवळातून भाजलेल्या मांसाचा वास येतो. सम्राट ज्यूलियन जुन्या देवांचा भक्त आहे, आणि तो इतके बैल बळी देतो की सैनिक खाऊन-पिऊन झिंगतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यावर छावणीत पोचवले जातात. हे लिहून ठेवलंय इतिहासकार आम्मियानुसने, जो स्वतः ज्यूलियनच्या बाजूचा होता. शहर बहुतांश ख्रिस्ती, आणि उपाशी.

दुकानदार मोड देताना एक नवं नाणं तुमच्या हातावर ठेवतो, आणि तुमचा हात किंचित खाली जातो. किती वर्षांनी कांस्याच्या नाण्याला वजन आलंय! आठ ग्रॅमच्या वर. एका बाजूला सम्राट, भरघोस दाढीचा. कॉन्स्टंटाइनपासून सम्राट गुळगुळीत गालांचे असत, आणि ज्यूलियनही दुय्यम पदावर असताना नाण्यांवर बिनदाढीचाच होता. दाढी म्हणजे जुना ग्रीक तत्त्वज्ञ, आणि ती तो सगळ्या साम्राज्याला दाखवतोय. दुसऱ्या बाजूला एक दमदार बैल, त्यावर दोन तारे, आणि शब्द, राज्याची सुरक्षितता.

बैल कशासाठी? इजिप्तचा अपिस, आकाशातला वृषभ, की कळपाचा म्होरक्या? अभ्यासक आजही भांडतात. अँटिऑकच्या लोकांनी त्याच दिवशी निकाल लावला. या दाढीचे दोर वळता येतील, असं एक जण म्हणतो. हा पुजारी नव्हे, खाटीक आहे. आणि बैल बरोबरच आहे, बळीचा बैल उलटा पाडावा तसं याने जग उलटं केलंय. चर्चचे इतिहासकार सॉक्रेटिस आणि सोझोमेन बैलाच्या नाण्यावरची ही थट्टा नोंदवतात. सॉक्रेटिस बैलासोबत वेदीही असल्याचं सांगतो, पण तुमच्या हातातल्या नाण्यावर वेदी नाही, नुसते तारे आहेत. नाण्यावर नसलेलं लोकांना दिसलं, कारण शहरभर वेद्याच पेटल्या होत्या.

सम्राटाने मनापासून प्रयत्न केला, हे सांगायला हवं. दर बांधून दिले. खाल्किस आणि हायरापोलिसहून चार लाख मापं धान्य आणलं, नंतर इजिप्तचं आलेलं आपलंच धान्यही स्वस्तात विकलं. श्रीमंतांनी स्वस्त धान्य उचललं आणि गायब केलं. साठ वर्षांपूर्वी अफ्रोडिसियासच्या भिंतीवर तुम्ही वाचलंत ते पुन्हा घडतंय, फक्त या वेळी दंडाऐवजी सम्राटाने लेखणी उचलली. ‘मिसोपोगोन’ म्हणजे ‘दाढीद्वेष्टा’ या नावाचं तिखट, दुखावलेलं पुस्तक लिहून त्याने ते राजवाड्याबाहेर, हत्तींच्या चौखांबी कमानीपाशी लावलं. आपल्या शहराला सम्राटाने लावलेलं उत्तर उभ्या-उभ्या वाचणाऱ्या गर्दीत तुम्हीही आहात. शेजारचा माणूस मुठीतला बैल खुळखुळवतोय.

५ मार्च ३६३ ला ज्यूलियन निघाला, २६ जूनला युद्धात मेला. काही आठवड्यांत निसिबिस, ज्याच्या भिंतीखाली तीनदा शापूर परत फिरला होता, ते शहर तहात देऊन टाकण्यात आलं. बैलाचं नाणं थांबलं. नंतरच्या सम्राटांनी पुन्हा कैद्याला केसांनी ओढणारा राजा आणि हार घेतलेली विजयदेवता छापली, छोटी, हलकी. शतक संपताना थिओडोसियसच्या काळचं नेहमीचं नाणं १३ मिलिमीटरचं आणि जेमतेम एक ग्रॅमचं होतं. त्यावर अजूनही चेहरा, नाव, विजयदेवता, कैदी, क्रूस आणि राज्याच्या कल्याणाची घोषणा, सगळं कोंबलेलं. या नाण्यांची त्या काळातली नावं आपल्याला नीट माहीत नाहीत, म्हणून संग्राहक त्यांना मापानेच ओळखतात, पहिल्या ते चौथ्या आकारापर्यंत. हा चौथा. विक्रेत्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत लांब प्रवास केलेला.

तो प्रवास करायचा तर तांबडा समुद्र ओलांडा. पाचव्या शतकाच्या मध्यावर एका जहाजाच्या तळाशी अशी हजारो झिजलेली नाणी पोत्यात भरलेली आहेत आणि जहाज श्रीलंकेकडे निघालंय. पुढे ५५० च्या सुमारास कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक या समुद्री व्यापाराबद्दल लिहील. त्याच्या यादीत ‘कल्लियाना’ नावाचं बंदर आहे, ते आपलं कल्याण असं बहुतेक जण मानतात. तिथून तांबं, लाकूड आणि कापड जातं, असं तो सांगतो. लंकेच्या राजापुढे एका रोमन व्यापाऱ्याने सोन्याचं नाणं आणि इराणी चांदीचं नाणं शेजारी ठेवून आपला राजा मोठा ठरवला, ही त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या गोष्टीत सोनं आहे. श्रीलंकेच्या मातीत मात्र कांस्याची चिल्लर हजारोंनी निघते. तमिळनाडूतही निघते, मदुराईला, वैगईच्या मुखापाशी अळगनकुळमला, करूरला अमरावती नदीच्या वाळूत.

दिनमलर या दैनिकाचे तेव्हाचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांनी करूर-मदुराईची ही रोमन तांब्याची नाणी गोळा करून, वाचून, १९९४ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं. बहुतेक नाणी इतकी गुळगुळीत झालेली की त्यांवर सम्राट ओळखणं कठीण. जहाजाने आणली तेव्हाच ती झिजलेली होती, आणि इथे आल्यावर पुन्हा झिजली. म्हणजे ती शोभेला ठेवलेली नव्हती, चालली होती. ज्या भूमीवर रोमचा शिपाई नाही, कर नाही, देहदंडाची भिंत नाही, तिथे लोकांनी आपल्या सोयीने हा खुर्दा स्वीकारला, कारण रोजच्या देवघेवीला बारीक नाणं हवं होतं आणि ते आयतं मिळालं.

आणि जेव्हा पुरेनासं झालं, तेव्हा लंकेतल्या एका कारागिराने स्वतःच पाडायला घेतलं. तुम्ही त्याच्याशेजारी बसा. समोर एक झिजकं रोमन नाणं आहे, त्यावरून तो ठसा कोरतोय. चेहऱ्याचं एक डोकं झालं, मुकुटाचे दोन ठिपके झाले, सम्राटाच्या नावाच्या जागी उभ्या-आडव्या रेघांची ओळ आली. क्रूस तेवढा स्पष्ट उतरला. घाव पडतो, नाणं बाजूला पडतं. तुम्ही ते उचलून मिरी विकणाऱ्याकडे जाता. तो मिरी मोजून देतो आणि उरलेले पैसे परत करतो, दोन अलेक्झांड्रियाचे, तीन इथलेच, आणि सगळे एकाच मोलाने.